हिरव्या अक्षरांचं कुलूप

या, जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, कुणाला मातीत बसायची गरज नाही. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, कारण मधे उठता यायचं नाही. गोष्ट एका कुलपाची आहे. त्या कुलपाला लोखंड नव्हतं, पितळ नव्हतं, कडी-कोयंडा नव्हता. नुसती हिरवी अक्षरं होती. आणि त्या अक्षरांच्या आड कोंडली गेली होती एका बाईची वाणी. ती कुणी कोंडली, का कोंडली आणि किल्ली कुणाच्या तोंडी होती, हे सगळं सांगणार आहे. अट एकच. शेवटपर्यंत बसायचं.

१

दोन हजार चार सालचा माघ महिना. जालन्यात पुष्पाबाई सकाळचा चहा बशीत ओतत होत्या, तोच शेजारच्या घरी त्यांच्यासाठी फोन आला. पलीकडे हसनाबादची बेबीनंदा होती आणि ती रडत नव्हती. पुष्पाबाईंना धास्ती वाटली ती त्याचीच.

"मावशी, जल्दी या. आत्याबाईची एकतीसच्या एकतीस कीर्तनं बंद पडलीत. परवा वर्षश्राद्ध हाय. अन् रामरावमामाजी म्हणतेत, कॉम्प्युटरच्या डब्याला रोग लागला, उद्या समदं पुसून टाका."

आत्याबाई म्हणजे बेबीनंदाच्या सासूबाई, द्वारकाबाई. बाईमाणसानं कीर्तनाला उभं राहू नये असं म्हणणाऱ्या गावात ती बाई एकवीस वर्षं उभी राहिली. गळा असा की हातातला घास हातातच राहावा. मागल्या माघात ती गेली. मागे उरली ती एकतीस कीर्तनं, बेबीनंदानं टेपवर भरलेली आणि मग वायर जोडून घरच्या कॉम्प्युटरात उतरवलेली. कॅसेटी द्वारकाबाईंनी जिवंतपणीच गावाला वाटून टाकल्या होत्या. लोकांनी भक्तिभावानं नेल्या आणि वर्षभरात त्यांच्यावर लग्नाची गाणी भरली.

पुष्पाबाई एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. तपासणीच्या खोलीत चोवीस वर्षं काढली. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कोंब मोजायचे. उगवलं नाही की सगळे आधी बियाला नावं ठेवत. पुष्पाबाई म्हणायच्या, "दाण्याला बोलायच्या आधी पाणी बघा, कागद बघा, मांडणाऱ्याचा हात बघा." द्वारकाबाईंच्या कीर्तनाला पंधरा वर्षं गेल्या, पण मनाला एक काटा होता. जालन्याची शेवटची एसटी. जयघोष सुरू झाला की पिशवी उचलायची आणि पळत सुटायचं.

त्या हसनाबादला पोचल्या तेव्हा बैठकीत दोघंजण होती. बाजेवर रामराव. द्वारकाबाईंचे दीर, गावच्या सप्ताहाचे प्रमुख, पांढरं धोतर, खणखणीत आवाज. आणि टेबलाशी कॉम्प्युटरला पाठ लावून बेबीनंदा. तिच्या हातात खलबत्त्यातला बत्ता होता.

"हे काय गं?"

"मसाला कुटून राह्यले होते," बेबीनंदा म्हणाली. "मामाजी म्हणले डबा उचलतो. मंग मी हिथंच येऊन बसले. आता कोण उचलतं ते बघते."

"बघा, बघा सुनेचे गुण!" रामराव कडाडले. "मला आधी रोग वाटला, पण कीर्तनं हिनंच दडवून ठिवली. त्यो जालन्याचा कॅसेटवाला देवानंद दोनदा हिच्याकडं येऊन गेला. हिनं त्याच्याशी सौदा केला. उद्या दुपारपर्यंत चार माणसांत माफी माग, न्हाई तर डबा साफ करून घेतो. परवा कीर्तनाला मी जालन्याचे बुवा सांगितलेत."

"न केलेल्या गुन्ह्याची माफी? बिलकुल न्हाई."

पुष्पाबाईंनी चष्मा लावला. "मशीन चालू कर, बेबीनंदा. अन् बत्ता खाली ठेव. निदान मांडीवर."

पडदा उजळला. निळं आभाळ, खाली हिरवीगार टेकडी. बेबीनंदानं सांगितलं, "आठ दिवसांमागं राजूरच्या भुजंगला बोलावलं होतं. ह्ये जुनं दोन हजारचं विंडोज, त्याच्यावर नवं एक्सपी चढव म्हणलं. म्हणजे कीर्तनांच्या सीड्या काढता येतील, वर्षश्राद्धाला वाटता येतील. त्यो करून गेला, अन् दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर हे असं."

तिनं वर्षश्राद्धाची पत्रिका उघडून दाखवली. आठ दिवसांपूर्वी तिनंच मराठीत टाइप केलेली. आता तिथं चौकोन, स्वल्पविराम आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. मग तिनं कॉम्प्युटरच्या 'डी' भागातला कीर्तनांचा कप्पा उघडला. एकतीस नावं रांगेनं उभी. सगळी हिरवी. पुष्पाबाईंनी पहिल्यावर टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली. परवानगी नाही.

पुष्पाबाईंनी चष्मा काढून पुसला. कुलूप लावलेल्या फायलींचा हा हिरवा रंग त्यांनी एकदा पाहिला होता. कारखान्यात. आणि तो पाहणारा साहेब त्या दिवशी लहान पोरासारखा रडला होता.

२

काळ्या-पिवळ्या जीपनं त्या राजूरला गेल्या. गणपतीला लांबूनच हात जोडले. देवळाच्या रस्त्याला वरच्या मजल्यावर भुजंगचा कॉम्प्युटर क्लास. तिशीतला माणूस, कपाळाला टिळा, खिशाला तीन पेनं, आणि आजार कोणताही असो, औषध एकच.

"व्हायरस हाय, मावशी. डी बी फॉरमॅट मारावं लागंल."

"तू बेबीनंदाकडं नेमकं काय केलं?"

"अपग्रेड. जुन्यावर नवं चढवलं. आतल्या एका वस्तूला हात लावला न्हाई."

"बराबर?"

"गणपतीशपथ."

"मंग गणपती कुठं गेला?"

भुजंगचा हात टिळ्याकडे गेला.

"द्वारकाबाईनं राजूरच्या गणपतीचा फोटो पडद्यावर लावला होता. तीन वर्षं तिथं होता. जुन्यावर नवं चढवलं असतं तर फोटो जागचा हलला नसता. आता तिथं टेकडी हाय. अन् पत्रिकेची मराठी अक्षरं पार भुसा झालीत. म्हणजे मराठी अक्षरांचा फाँटबी पुसला गेला. घर झाडलं तर भिंतीवरचा देव जात न्हाई, भुजंग. घर पाडून बांधलं तरच जातो."

भुजंग खुर्ची पुढं ओढून बसला. "मावशी, चढवत बसलं तर दोन-अडीच तास जातेत. त्या दिवशी शाळेचं काम होतं. अन् फॉरमॅट मारला की चाळीस मिनटांत मशीन नवीकोरी. आम्ही समदे हेच करतो. फक्त सी पुसला, माय शपथ. डीला धक्का लावला न्हाई, कीर्तनं डीलाच तर होती!"

"अन् बेबीनंदावर आळ आला तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

त्यानं खिशातली पेनं नीट केली. मग एकदम म्हणाला, "पण कीर्तनं मी बंद पाडली न्हाईत. खरं सांगतो. मी पुसायच्या आधीबी ती नावं हिरवीच होती. मला वाटलं, बाईनं हौसेनं रंग दिला."

पुष्पाबाई जिन्यावर थांबल्या. आधीपासून हिरवी? हा एकदा खोटं बोललेला माणूस. याच्या शब्दावर किती भार टाकायचा? आणि तो खरं बोलत असेल तर, बेबीनंदा त्या दिवसापर्यंत रोज सकाळी तीच कीर्तनं लावून भाकरी थापत होती. कुलूप असलेलं दार किल्लीवाचून रोज उघडत होतं?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जालन्यात देवानंदच्या दुकानात. भिंतभर कॅसेटी, सीड्या, काउंटरवर अगरबत्ती.

"या माय! काय देऊ? आरत्या? पाळणे?"

"द्वारकाबाईचं कीर्तन दे."

"ते कुठून देणार?" देवानंद हसला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "दोनदा मागायला गेलतो त्यांच्या सुनेकडं. चहा बी पाजला न्हाई बाईनं. म्हणली, आत्याबाई विकायला न्हाईत."

म्हणजे सौद्याची गोष्ट तिथंच मेली. पण पुष्पाबाई उठल्या नाहीत. चोवीस वर्षं ओल्या कागदाकडे बघत बसायची सवय. थोडं जास्त बसलं की कोंब दिसतो.

"तू कॉम्प्युटर बी दुरुस्त करतोस ना?"

"करतो की."

"द्वारकाबाईचा केला होता?"

अगरबत्तीची राख पडली. देवानंदनं ती फुंकरीनं उडवली. "एकदा. त्या गेल्या त्याच्या दोन-तीन महिने आधी. पंखा आवाज करत होता. सून माहेरी होती, बाळंतपणाला. म्हातारीनं डबा स्वतः टेम्पोत ठेवून पाठवला."

"अन् तू पंखा नीट केला."

"केला."

"अन् मंग?"

"मंग काय?"

"देवानंद, ती बाई आता देवाघरी हाय. तिथं तिला समदं ठावं हाय. मला एकटीलाच न्हाई."

हा बाण बरोबर बसला. देवानंद स्टुलावर टेकला. "डोकं फिरलं माझं, माय. तसा गळा पुन्हा मिळायचा न्हाई. हार्डडिस्क काढली, माझ्या मशीनला जोडली. म्हणलं एक नक्कल काढून घेऊ. तर समदी नावं हिरवी! एकबी उघडंना. दिवसभर डोकं आपटलं. संध्याकाळी जशीच्या तशी परत बसवून धाडली. अन् म्हातारीचा फोन. म्हणती, 'काय रे, ऐकलंस का कीर्तन?' अन् हसली. मी त्या दिवसापासून तिच्यासमोर उभा राह्यलो न्हाई."

पुष्पाबाईही हसल्या असत्या. पण त्याच क्षणी मनात एक जुना चहा उकळायला लागला. द्वारकाबाईंच्या चुलीपुढं त्या दोघी, आणि पुष्पाबाई कारखान्यातल्या साहेबाची फजिती रंगवून सांगताहेत. द्वारकाबाई कान देऊन ऐकताहेत, दृष्टांत ऐकावा तशा.

कुलपाची गोष्ट द्वारकाबाईंना सांगणाऱ्या पुष्पाबाईच होत्या.

४

दुपारी बारा. हसनाबादच्या बैठकीत रामराव, बेबीनंदा आणि बोलावलेला भुजंग. त्याची सीडीची पिशवी बेबीनंदानं दारातच काढून घेतली होती. रामराव बाजेवर मांडी ठोकून बसले. "चला. वेळ झाली. माफी का सफाई?"

"पाच मिनटं ऐका, रामराव," पुष्पाबाई म्हणाल्या. "मंग काय करायचं ते तुमीच सांगा. कुलूप बेबीनंदानं लावलं न्हाई. ती माहेरी बाळंतीण होती, तेव्हा जालन्यात देवानंदनं ही हिरवी अक्षरं पाह्यली. त्याला उघडली न्हाईत. चोराला स्वतःची फजिती सांगून काही मिळत न्हाई, म्हणून त्याचा शब्द मी खरा धरते. अन् भुजंगबी तेच म्हणतो, ती आधीपासून हिरवी होती. एकमेकांना न भेटलेली दोन माणसं, पण कोंब एकच."

"मंग लावलं कुणी? मी?" रामराव गरजले. "मी त्या डब्याला हात लावत न्हाई. अन् तिचं एकबी कीर्तन मी ऐकलं न्हाई!"

"तुमी न्हाई. त्या दिवसांत डब्याला हात लावणारं घरात एकच माणूस होतं."

बेबीनंदाच्या हातून पदर सुटला. "आत्याबाई?"

"तिला कळलं होतं, देवानंदचा डोळा कशावर हाय. डबा तर द्यायचा होता, पंखा बिघडला होता. म्हणून तिनं वाणीला कुलूप लावलं अन् मंगच डबा टेम्पोत चढवला. हे कुलूप असं असतं की किल्ली मशीनच्याच पोटात राहते, जुन्या विंडोजमध्ये. बेबीनंदा रोज आपल्या दारानं आत जायची, हिरवा रंग तिला हौसेचाच वाटला, कुलूप हाय हे कधी कळलंच न्हाई. देवानंदनं डिस्क काढून दुसऱ्या घरात नेली, तिथं किल्ली नव्हती. अन् आठ दिवसांमागं भुजंगनं चाळीस मिनटं वाचवायला जुनं विंडोज पुसलं. किल्ली त्याच्यासंगं गेली. कीर्तनं डीमध्ये जशीच्या तशी हायेत. आपण दाराबाहेर राह्यलो."

"म्हणजे मीच..." भुजंग खाली बसला.

"तूच. पण जाणून न्हाई. कुलूप आधीचं अन् तुला ठावं न्हाई. तुझा गुन्हा एकच, खोटं बोलून दुसऱ्याच्या लेकीवर आळ येऊ दिला."

रामराव उठले. "मंग किल्ली गेली म्हणजे गेलीच. पुसा."

"मामाजी." बेबीनंदानं बत्ता उचलला. "माझ्यात जीव असेपर्यंत न्हाई."

"किल्ली गेली न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "आमच्या कारखान्यातला साहेब अशाच कुलपापायी रडला, कारण त्यानं किल्लीची जोड काढून ठेवली न्हाई. ही गोष्ट द्वारकाबाईनं माझ्या तोंडून पुरी ऐकली होती. ज्या बाईनं अर्ध्या ओवीवर कधी थांबा घेतला न्हाई, ती जोडकिल्ली ठेवायची विसरेल? बेबीनंदा, तिची कीर्तनाची टिपणं कुठं हायेत?"

देवघरात. पोथीबरोबर लाल बासनात. गाठ सोडली तर कागदांचा गठ्ठा निघाला, आणि पुष्पाबाईंनी तो लगेच ओळखला. हे कागद त्यांनीच दिलेले. कारखान्यातले एका बाजूनं कोरे रद्दी कागद, त्या पिशवीत भरून आणायच्या. कोऱ्या बाजूला द्वारकाबाई टिपणं लिहायच्या. एकूण एक कागद टिपणाची बाजू वर करून लावलेला. फक्त एक उलटा. छापील बाजू वर.

तो कारखान्याचा जुना कागद होता. साहेबाच्या फजितीनंतर, तपासणीतल्या बायांसाठी मराठीत काढलेला, चित्रांसकट. फायलींना कुलूप कसं लावावं. किल्ली फ्लॉपीवर कशी काढून ठेवावी. शेवटच्या चित्राखाली अबीर-बुक्क्यानं काळ्या झालेल्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. आणि त्याच कागदाच्या घडीत, तुळशीच्या दोन वाळल्या काड्यांबरोबर, एक काळी फ्लॉपी.

भुजंगनं ती मशीनमध्ये घातली. आत एकच फाईल. तिच्यावर टिचकी मारली.

मशीननं परवलीचा शब्द मागितला.

५

त्यांनी देव वापरून पाहिले. राजूरचा गणपती, गावचा मारुती. मग नातवाचं नाव, द्वारकाबाईंच्या नवऱ्याचं, गाईचं, गुरूंचं. इंग्रजी अक्षरं द्वारकाबाईंना बेबीनंदानंच शिकवली होती, म्हणून टाइप ती करत होती. दर वेळी तेच. चूक.

फ्लॉपीवर एक चिकटपट्टी होती. तिच्यावर द्वारकाबाईंचं मोठं, वळणदार अक्षर. 'जो शेवटपर्यंत बसतो त्याला ठावं हाय.'

"कोडं कामून घालून गेली म्हातारी?" भुजंग घाम पुसत म्हणाला.

"कोडं न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "तिला वाटलं असंल, ह्ये तर कुणालाबी ठावं असंल. कीर्तनाला शेवटपर्यंत बसणारं कुणीबी." त्या थांबल्या. "बेबीनंदा, तू शेवटपर्यंत असायचीस?"

बेबीनंदाचा चेहरा पडला. "मी जयघोष झाला की टेप बंद करायची. कॅसेट वाचवायला. अन् मंग परसादाला पळायची. टोपल्यात केळी असायची, लोकं टोपल्यावर पडायची. जयघोषानंतर आत्याबाई काही बोलायच्या, दर खेपेला एकदोन वाक्यं. मला ऐकूच आलं न्हाई कधी. तुमाला, मावशी?"

"मी तर एसटीला," पुष्पाबाई कशाबशा म्हणाल्या. पंधरा वर्षांचा काटा आत्ता आरपार गेला. "पेटीवाला पेटी बांधायचा. बाया बुक्का लावायला पुढं. पोरं परसादाला. मुलखात कुठंबी जा, कीर्तनाचं शेवटचं वाक्य कुणी ऐकत न्हाई. समदे पायाला हात लावायला धावतेत, अन् बाई काय बोलती ते पायाशीच राहतं."

रामरावांनी गळा साफ केला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला.

म्हातारा रखमाजी होता. वाकलेला, खांद्यावर पंचा. मंदिरातल्या सतरंज्या टाकणं आणि उचलणं, बावीस वर्षं त्याचं काम. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते, आणि कुणी कधी काही विचारलंही नव्हतं.

"उद्यासाठी किती टाकू, बेबीनंदाबाई? बुवाचं असंल तर चार. आपल्या बाईचं असंल तर समद्या."

पुष्पाबाई उठून त्याच्यासमोर गेल्या. "रखमाजीदादा, कीर्तन झालं की तुमी घरी कधी जाता?"

"सतरंज्या गुंडाळल्यावर."

"अन् गुंडाळायला कधी घेता?"

"शेवटचं माणूस उठल्याबिगर कसं घेणार? माणसाखालून सतरंजी वढता येती व्हय?"

"मंग द्वारकाबाई शेवटी काय बोलायची, ते तुमाला ठावं हाय."

रखमाजीनं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं, कुणी थट्टा करतंय का म्हणून. "म्हंजी? तुमाला ठावं न्हाई? मला वाटलं समद्यायले ठावं हाय." त्यानं पंचानं तोंड पुसलं. "दर खेपेला एकच. 'उठण्याआधी सोनूबाईची याद ठेवा.' एवढंच म्हणायची."

"सोनूबाई कोण?" भुजंगनं विचारलं.

"माझी घरधनीण."

बाजेवर रामराव अंग चोरून बसले. ते पुष्पाबाईंनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत.

"ब्याऐंशी साली बाई पहिल्यांदा उभी राह्यली, मारुतीच्या पारावर," रखमाजी सांगू लागला. "पुरती सुरुवात झाली नव्हती, तवर एकानं उभं राहून आवाज दिला, 'बाईचं कीर्तन ऐकता व्हय? उठा समदे!' कुणी दिला ते जाऊ द्या. समदे उठले. बायाबी उठल्या. अन् मी... मी बी उठलो, बाई. सोनूबाई उठली न्हाई. मांडीवर लेकरू होतं. त्यो माणूस म्हणला, 'ऐकू आलं न्हाई का?' तर म्हणती, 'माझं लेकरू पिऊन राह्यलं, मी उठणार न्हाई. अन् पिऊन झालं तरी न्हाई.' एकटी बसली. त्या एकटीसाठी द्वारकाबाईनं तीन घंटे कीर्तन केलं. मी पाराच्या मागं उभा राहून ऐकलं. लाजंनं पुढं आलो न्हाई."

"सोनूबाई हायेत?"

"सहा वर्षांनी गेली, तापानं. तवापासून... न्हाई, त्याच्याबी आधीपासून, पहिल्याच कीर्तनापासून, सतरंज्या मी टाकतो. उठलेल्या माणसानं दुसरं काय करावं?"

बेबीनंदा पाठ फिरवून मशीनशी बसली. बोटं एकदाही चुकली नाहीत. सोनूबाई. एकेक इंग्रजी अक्षर.

मशीननं किल्ली घेतली.

तिनं पहिल्या हिरव्या नावावर टिचकी मारली. क्षणभर नुसती खरखर. मग टाळ. आणि मग बैठकीत, आठ दिवसांच्या कुलपानंतर, द्वारकाबाई बोलल्या. "हं, पुढं सरका मायांनो, मागं काय वाटून राह्यलेत?"

रखमाजी उंबऱ्यावरच खाली बसला.

६

दुसऱ्या दिवशी मंदिरात सगळ्या सतरंज्या पडल्या. रामरावांचे बुवा आले, शाल घेऊन पुढे बसले. बेबीनंदानं डबा डोक्यावरून आणला. भुजंगनं वायरी जोडल्या, कुणी न सांगता, आणि रात्रभर जागून काढलेल्या एकतीस सीड्यांची पिशवी देवापुढं ठेवली. "ह्याबी जोडकिल्ल्याच," एवढंच म्हणाला.

"आधी बुवा," रामराव म्हणाले. "रीत हाय."

"आधी आत्याबाई," बेबीनंदा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. बत्ताही आणला नव्हता. "बुवा बसतील ऐकायला. मोठे हायेत, त्यांना काय कमीपणा?"

बुवा भला माणूस. मान डोलावून त्यांनी पागोटं मांडीवर काढून ठेवलं.

दोन तास द्वारकाबाई गायल्या. रडवलं, हसवलं, झोपलेल्याला नावानं हाक मारून उठवलं. टेपवरचा तो झोपाळू आता म्हातारा झाला होता आणि कर्ण्यातून आपलं नाव ऐकून परत दचकला. मग जयघोष झाला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं अख्खा सभामंडप हलला. गुडघे वर आले, हात परसादाकडे गेले. कर्ण्यात खट्ट झालं. टेप इथंच बंद झालेली. पुढं नुसती शांतता.

त्या शांततेत बेबीनंदा उभी राहिली. जिथं सासू उभी राहायची तिथंच.

"बसा," ती म्हणाली. "अजून संपलं न्हाई."

लोक बावरले. पुष्पाबाई पहिल्या खाली बसल्या. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, दोनदा. त्यांनी मान वळवली नाही. मग बाया बसल्या, मग बुवा, मग पोरं. टोपल्याभोवतीची गर्दीसुद्धा केळी हातात घेऊन जागच्या जागी बसली.

एकटे रामराव उभे राहिले होते. बावीस वर्षांमागं त्याच गावात सगळे उभे होते आणि एक बाई बसली होती. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ते दाराकडे वळले, थांबले, परत वळले. कुणी त्यांना बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. तेव्हा कडेला बसलेला रखमाजी थोडा सरकला आणि त्यानं सतरंजीवर हातभर जागा केली. तळव्यानं ती झाडली.

रामराव बसले. मान खाली घालून बसले, पण बसले.

मग बेबीनंदानं ते वाक्य म्हटलं. रखमाजीवाचून कुणी न ऐकलेलं, दर खेपेला म्हटलेलं.

तर मायबापहो, तुम्ही अट पाळलीत, इथवर बसलात. परसाद येतोय, घाई करू नका. रखमाजीला सतरंजी गुंडाळायची आहे, त्यालाही कळू द्या की तुम्ही ऐकलंत. उठण्याआधी सोनूबाईची याद ठेवा.